शाबासकीचा धपाटा

बाई मुळात भित्र्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या हकिकतीत त्या सारख्या घाबरलेल्या दिसतील आणि वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज व्हायचा. आपल्या गावात, आपल्या शाळेत, हातात खडू असला की या बाई कुणाच्या बापाला भीत नव्हत्या. शिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हाही त्यांनी गणित अर्ध्यावर सोडलं नाही. साहेबांना म्हणाल्या, "बसा दोन मिनिटं, मुलांची तंद्री मोडेल." साहेब निमूटपणे मागच्या बाकावर बसले.

चण बारीक, उंची बेताची, पण आवाज असा की तीन वर्ग पलीकडच्या मुलांचीही उजळणी व्हावी. मुलं त्यांना पाठीमागे 'धपाटेबाई' म्हणायची. एखादं पोर अडलेल्या उदाहरणाशी झटापट करून शेवटी उत्तरापर्यंत पोचलं, की बाई फळा सोडून तरातरा त्याच्या बाकापाशी जायच्या आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालायच्या. "शाब्बास रे माझ्या वाघा!" वर्गात त्या धपाट्याला पदकाची किंमत होती. ज्याला मिळायचा तो मधल्या सुट्टीत पाठ दाखवत फिरायचा. लग्न होऊन पोरंबाळं झालेले विद्यार्थी बाजारात भेटले की भर रस्त्यात वाकायचे, "बाई, एक होऊन जाऊ द्या." आणि बाईही कमी नव्हत्या. पिशवी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने हिशोब चुकता करायच्या.

मात्र उभ्या जन्मात त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. छडी हातात धरली नाही, कान पिळला नाही. धपाटा म्हणजे मार हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आईने डोक्याला तेल थापलं तर त्याला कुणी मार म्हणतं का?

मग शाळेतले वर्ग कमी होत गेले आणि बाई 'अतिरिक्त' ठरल्या. सरकारी भाषेत याचा अर्थ शिक्षक शिल्लक, मुलं संपली. त्याच सुमाराला त्यांचे यजमान ज्या छापखान्यात होते त्यालाही घरघर लागली होती. अशात कुणीतरी बातमी आणली, की अमक्या देशात गणित शिकवायला माणसं मिळत नाहीत, बाहेरून बोलावतात. बाईंनी अर्ज केला तो गंमत म्हणून. संगणकासमोर बसून मुलाखत दिली तीही गंमत म्हणून. निवड झाली तेव्हा मात्र घरात गंमत कुणालाच वाटेना. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "लोकांच्या घरी मुलगे जातात परदेशी. आमच्या घरात सून चालली. जा हो, नाव काढ. नाहीतर परत ये, भाजी निवडायला माणूस लागतंच आहे."

ठरलं असं, की पहिले सहा महिने परीक्षेचे. मुख्याध्यापिकेचा शेरा चांगला पडला की मुक्कामाची परवानगी वाढणार, मग यजमान आणि नववीतली लेक मागून जाणार. शेरा वाईट पडला, तर आल्या वाटेने परत. इकडची नोकरी बाईंनी सोडलेली. यजमानांनी तर उतावीळपणे छापखान्यात सांगूनही टाकलं होतं आणि मालकाने त्यांच्या जागी दुसरा माणूस बघितला होता. म्हणजे सगळं घर त्या एका शेऱ्यावर टांगलेलं.

तेव्हापासून बाईंच्या मनात जी धास्ती बसली ती हललीच नाही. नव्या देशात त्यांना कशाची भीती वाटली नाही असं नव्हतंच. खोलीचं दार मागून आपोआप बंद व्हायचं, आणि किल्ली आत राहिली की आपण बाहेर. हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळी घरमालकीण दार उघडून द्यायला आली ती काही न बोलता, आणि त्या न बोलण्याने बाईंची रात्रीच्या जेवणावरची वासना उडाली. बसमध्ये ड्रायव्हरला उतरायचं सांगायचं नाही, बटण दाबायचं. आपण चुकीचं बटण दाबलं तर बस बंद पडेल, अशी त्यांना आपली एक शंका. शिक्षकांच्या खोलीत कोणता कप कुणाचा हे कळेना म्हणून पहिले दोन आठवडे त्या चहाच प्यायल्या नाहीत. चाळिशी ओलांडलेली बाई, पण नवी नवरी सासरी वावरावी तशी भिंतीला धरून चालायची.

आणि वर्ग? वर्ग बघून तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाक नाहीत, रांगा नाहीत. चार-चार खुर्च्या एकेका टेबलाभोवती, म्हणजे निम्म्या मुलांची पाठच शिक्षकाकडे! मुलं शिक्षकांना नावाने हाक मारायची. बाईंना त्यांच्या नावाने आजवर फक्त माहेरच्यांनी हाक मारली होती, त्यामुळे वर्गात कुणी बोलावलं की त्यांना क्षणभर आपली थोरली बहीणच आली असं वाटायचं.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकेने सगळ्या नव्या शिक्षकांना बसवून नियम सांगितले होते. मुलांना हात लावायचा नाही, कोणत्याही कारणाने नाही. एखाद्या मुलाच्या अंगावर माराच्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी कळवायचं. बाईंनी दोन्हीला मान डोलावली. आपण कुठे कुणाला मारतो? त्यांच्या मनात आलं, चला, हा एक तरी नियम आपल्याला सोपा आहे.

त्या शाळेत बाईंच्याच भाषेचं आणखी एक माणूस होतं, प्रयोगशाळेतले सर. बरीच वर्षं तिथे राहिलेले, बायकोमुलांसकट. ते बाईंना ताई म्हणायचे आणि भेटतील तिथे एकच मंत्र द्यायचे. "ताई, इथे टिकायचं असेल तर हात खिशात आणि तोंड बंद. बाकी गणित कसंही शिकवा."

"माझ्या साडीला खिसा नाही हो सर."

"मग शिवून घ्या," सर म्हणायचे. आणि ते हसायचे नाहीत.

वर्गात एक मुलगी होती. बाई मनात तिला कोपऱ्यातली म्हणायच्या, कारण ती रोज कोपऱ्यातल्या त्या एका खुर्चीवर बसायची, पाठ भिंतीला टेकवून. खोली कितीही उबदार असो, अंगात लांब बाह्यांचं जाकीट. बोलायची नाही. कुणी हसवलं तर हसायची नाही. इतर शिक्षकांच्या मते ती 'मंद' होती. बाईंना मात्र न बोलणाऱ्या पोरांची पहिल्यापासून ओढ. त्यांनी लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, की ही पोरगी उत्तर लिहिते आणि लगेच खोडून टाकते. खोडलेल्या जागेवर वाकून बघितलं, तर उत्तर बरोबर! एकदा नाही, दरवेळी. बरोबर उत्तर खोडणारी मुलगी बाईंनी सगळ्या नोकरीत बघितली नव्हती. मग त्या तिच्याकडे न बघता तिच्यासाठी शिकवू लागल्या. दोन उदाहरणं वर्गासाठी, तिसरं अवघड मुद्दाम कोपऱ्यासाठी. हळूहळू तिचं खोडणं कमी झालं. ते बघून बाईंचा दिवस बरा जायचा, म्हणजे भीती तेवढ्यापुरती गप्प बसायची.

त्या दिवशी खिडकीची दुरुस्ती चालली होती म्हणून कोपऱ्यातलं टेबल पुढे ओढलेलं. उदाहरण टाकीचं होतं. दोन नळ भरतात, एक गळती रिकामी करते, टाकी भरायला किती वेळ. पोरं टेबलाटेबलावर हुज्जत घालत होती. बाई मागून फिरत फिरत त्या मुलीच्या पाठीमागे आल्या आणि थबकल्याच. पोरीने शिकवलेली रीत सोडून भलत्याच वाटेने, निम्म्या ओळींत, उत्तर काढलं होतं. बाईंनी स्वतः एवढ्या वर्षांत तसं काढलं नव्हतं. आणि तिने ते खोडलं नव्हतं!

बाई देश विसरल्या, परवानगी विसरल्या. हात उठला आणि पोरीच्या पाठीत धपाटा बसला.

मुलगी ओरडली नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, हनुवटी छातीत खुपसली आणि अंगाचं मुटकुळं करून ती तशीच राहिली. पेन अजून बोटांत होतं. ती वाट बघत होती. बाईंना ते कळायला एक क्षण लागला. ती पुढच्या फटक्याची वाट बघत होती. एकावर कुणी थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं. वर गेलेल्या हातांवरून जाकिटाच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, आणि हातावर वळ होते. काही पिवळे पडलेले, काही ताजे.

दुसरा फटका आला नाही तशी ती हळूच सरळ झाली. बाह्या खाली ओढल्या. मागे वळून न बघता म्हणाली, "माफ करा." आणि तिने उत्तर खोडून टाकलं.

कुणी पाहिलं नव्हतं. हुज्जत चालूच होती. दाराच्या काचेपलीकडे कुणी नव्हतं. तास संपला, मुलं गेली, आणि बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, पण रडायचीही भीती वाटली.

प्रयोगशाळेत सर काचेची भांडी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग झालंच नाही."

"सर, तिच्या हातावर वळ आहेत. आजच्या आज कळवायला हवं."

"कळवा की. तुम्हाला वळ कसे दिसले, असं विचारतील. काय सांगाल?"

बाई म्हणाल्या, "सांगेन, लिहिताना बाही वर गेली."

"आणि ती पोरगी म्हणाली, बाईंनी मारलं तेव्हा गेली? म्हणजे हात लावल्याचा गुन्हा आहेच, वर खोटं बोलल्याचाही. ताई, दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील." सरांनी फडकं झटकलं. "मी काही दगड नाही. मलाही मुली आहेत. तुमचे सहा महिने भरत आले आहेत. शेरा पडू द्या, मग सांगा."

"आणि तोवर ती?"

सरांनी पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं. ते वाईट नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरून घाबरून त्यांचं नीट बस्तान बसलं होतं. बाईंना वाटलं, काही वर्षांनी आपणही अशाच होऊ.

संध्याकाळी घरी फोन लावला तर तिकडे आनंदीआनंद. लेकीचा पासपोर्ट आला होता. ती आरशासमोर तिथल्या भाषेत आजीला दटावत होती आणि आजी आपल्या भाषेत उलट दटावत होती. यजमान म्हणाले, "तुझ्या खोलीत तिघं मावू ना गं? का मोठी बघायची?"

"अहो, समजा मीच परत आले तर?"

"असं अभद्र काय बोलतेस? काही झालंय का?"

"काही नाही. सहज आपलं."

"तू टिकणार. तू नाही टिकलीस तर कोण टिकणार?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा विश्वास होता की बाईंना तो सोसवेना. फोन ठेवल्यावर त्या खाटेवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. हात तोच होता. तळव्याला खडूची जुनी भेग, अंगठ्यापाशी भाजल्याचा डाग. या हाताने आजवर किती पोरं वाघ केली असतील! त्याच हाताखाली एक पोर मुटकुळं होऊन पुढच्या फटक्याची वाट बघत होतं. काही केल्या ते नजरेसमोरून जाईना.

सकाळी त्या मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वळ, आणि ते कसे दिसले. धपाटाही सांगितला. तो शाबासकीचा होता हेही सांगून बघितलं, पण त्या भाषेत ते सांगता सांगता त्यांचं त्यांनाच पटेनासं झालं. मुख्याध्यापिकेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चौकशी होईपर्यंत वर्गात जाऊ नका."

चौकशी होईपर्यंत बाईंना जुन्या पुस्तकांच्या खोलीत बसवलं. काम म्हणून फाटकी पुस्तकं वेगळी काढायची. बाहेरून कुणाची पावलं वाजली की त्या हातातलं पुस्तक खाली ठेवायच्या. मुलांचा गलका ऐकू यायचा आणि त्यात ती कोपऱ्यातली कधी ऐकू येणार नाही हे माहीत असूनही बाई कान देऊन बसायच्या. तिचं काय केलं असेल? घरी कळलं असेल का? कळलं असेल तर संध्याकाळी तिच्यावर काय वेळ आली असेल? हा विचार आला की त्यांना स्वतःच्या नोकरीची भीती बरी वाटायची.

शेवटी दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मुख्याध्यापिकेच्या शेजारी मुलांच्या प्रश्नांसाठी नेमलेली एक अधिकारी बाई बसली होती, केस पांढरे, डोळे थकलेले. बोलली तीच.

"आम्ही मुलीला विचारलं. वडिलांनाही बोलावलं होतं, ते तिच्याजवळच बसले होते. ती म्हणते, सायकलवरून पडले, म्हणून वळ. वडीलही तेच म्हणाले. तुमच्याबद्दल विचारलं तर म्हणते, काहीच झालं नाही. तुम्ही तिला हात लावलाच नाही."

"लावलाच नाही?"

"असं ती म्हणते. तेव्हा तुमच्यापुरता प्रश्न मिटला. उद्यापासून वर्गात जा."

मुख्याध्यापिका पहिल्यांदाच थोडी हसली. म्हणाली, "तुमचा शेरा मी याच आठवड्यात पाठवणार आहे. चांगला आहे."

बाईंच्या जिवात जीव आला. तो असा आला की खुर्चीची पाठ धरावी लागली. लेक येणार. यजमान येणार. खोली मोठी बघायची. त्यांनी आभार मानले, दोनदा मानले, आणि दाराकडे वळल्या.

दाराला काच होती. काचेपलीकडे बाकावर ती मुलगी बसली होती आणि तिचे वडील शेजारी उभे होते. चांगले नीटनेटके गृहस्थ, इस्त्रीचा सदरा. बाई दिसताच ते अदबीने हसले. त्यांचा हात मुलीच्या खांद्यावर होता. ज्या मुलीने पाठीला हात लागताच अंगाचं मुटकुळं केलं होतं, ती त्या हाताखाली हलत नव्हती. श्वास तरी घेत होती की नाही कोण जाणे.

कडीवर ठेवलेला हात बाईंनी काढून घेतला. आता एक शब्द न बोलता बाहेर पडलं की झालं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या परत टेबलापाशी आल्या.

"ती खोटं सांगते आहे."

अधिकारी बाईने मान वर केली. "कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. मी तिला मारलं."

हा शब्द त्यांनी धपाट्यासाठी जन्मात वापरला नव्हता. तो आता तोंडातून बाहेर पडला.

"काल तुम्ही म्हणालात शाबासकी," मुख्याध्यापिका सावकाश म्हणाली.

"माझ्या लेखी शाबासकी. तिच्या लेखी मारच. हा असा." बाईंनी टेबलावर थाप मारली, तशीच, त्याच जोराने. पेन उडालं, कपातला चहा हिंदकळला, आणि अधिकारी बाई दचकून मागे सरली. "एवढ्या जोरात. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा ती म्हणाली, काहीच झालं नाही. इतक्या सहज म्हणाली की तुम्हाला पटलं. मार खाऊन काहीच झालं नाही म्हणायला तिला कुणीतरी शिकवलंय. माझ्याबद्दल खोटं बोलली, तर सायकलबद्दल का नाही बोलणार? तिला पुन्हा विचारा. वडिलांना बाहेर ठेवून विचारा."

मुख्याध्यापिका म्हणाली, आणि तिचा आवाज कठोर नव्हता, हेच वाईट, "हे तुम्ही बोललात, आता मला तुम्हाला ठेवता येणार नाही. शेरा तसा पाठवता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," बाई म्हणाल्या. त्यांना आत्ता या घडीला आपल्या सासूची फार आठवण आली.

अधिकारी बाई उठली. तिने दार उघडलं आणि मुलीला एकटीलाच आत बोलावलं. वडील सरावाने पुढे झाले तशी ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही नाही." बाई बाहेर पडत होत्या, मुलगी आत येत होती. उंबऱ्यावर दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मुलीने वर बघितलं. डोळ्यांत उपकार वगैरे काही नव्हते. राग होता, आणि भीती, बाईंना पाठ असलेली.

"मी तुम्हाला वाचवलं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"माहीत आहे गं बाळा," बाई म्हणाल्या.

दार लागलं. बाई बाकावर बसल्या. इस्त्रीचा सदरा समोर उभा होता. आता तो हसत नव्हता. "आत काय चाललंय?" त्याने विचारलं. आतून आवाज येत नव्हता. बाईंना वाटत होतं, दार लवकर उघडू नये. लवकर उघडलं तर पोरगी पुन्हा तेच म्हणाली असेल. त्या डोळे मिटून बसल्या. कुणीतरी येऊन गेलं, कुठेतरी घंटा झाली, मुलं वर्गातून वर्गात गेली आणि पुन्हा सामसूम झाली. गृहस्थ येरझारा घालू लागले. दार अजून उघडलं नव्हतं.